आपटा कीं कांचन?

आमच्या वाड्याच्या मागील अंगणांत, विहिरीच्या कडेला, एक झाड आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं माईंनीं, म्हणजे आमच्या थोरल्या काकूंनीं, तें आपल्या हातानें लावलें. रोप विकणाऱ्यानें तें आपट्याचें म्हणून दिलें होतें. पानहि शेंड्याशीं दुभंगलेलें, जोडपानासारखें. तेव्हां शंका घेण्यास कोणालाच कारण नव्हतें. तेव्हांपासून दर दसऱ्याला घरांतील लहानथोर आणि आळींतील निम्मीं घरें याच झाडाचें 'सोनें' लुटीत आलीं. नवरात्राच्या सुमारास त्यावर गुलाबी फुलें येतात. तीं माई रोज देवीला वाहतात. चार वर्षांपूर्वींच्या नवरात्रांत मात्र कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकणारी आमची पुतणी परडींतलीं फुलें पाहून सहज बोलून गेली, "माईआजी, आपट्याला आश्विनांत फूल नसतें हो. हें कांहींतरी निराळें झाड आहे."

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. माई देवापुढून उठल्या नाहींत, एवढेंच म्हणाल्या, "चाळीस वर्षें पाणी घातलें आहे मीं त्याला. आतां तूं मला त्याचें नांव सांग!"

हा वाद मिटवावा कसा? वडील माणसाच्या शब्दावर मिटवावा, तर मूळ शब्द रोप विकणाऱ्याचा. पुस्तकाच्या शब्दावर मिटवावा, तर पुस्तक वाचणारीचें वय एकोणीस. अशा प्रसंगीं तिसराच साक्षीदार बोलावण्याची रीति वनस्पतिशास्त्रांत गेलीं अडीचशें वर्षें रूढ आहे. हा साक्षीदार म्हणजे स्वतः तें झाड. त्याला क्रमाक्रमानें असे प्रश्न विचारावयाचे, कीं ज्यांना 'हें' किंवा 'तें' याखेरीज तिसरें उत्तर संभवत नाहीं. आणि शेवटच्या उत्तरापाशीं त्याचें नांव पदरांत घ्यावयाचें. या प्रश्नमालिकेस शास्त्रांत 'किल्ली' म्हणतात.

किल्लीची रचना अगदीं साधी असते. प्रत्येक पायरीवर परस्परविरुद्ध अशीं दोन विधानें. पानें फांदीवर समोरासमोर, कीं एकाआड एक? पान साधें, कीं अनेक पर्णिकांचें मिळून झालेलें? देठ मोडला असतां चीक येतो, कीं येत नाहीं? जें विधान हातांतील डहाळीला लागू पडेल त्याच्यापुढें पुढील पायरीचा अंक दिलेला असतो. तेथें जावें, पुन्हां दोहोंतून एक निवडावें. एक एक वाट बंद होत जाते आणि अखेरीस एकच नांव उरतें. हिशेबानें पाहिलें तर या युक्तीचें सामर्थ्य थक्क करणारें आहे. प्रत्येक प्रश्नानें शिल्लक वनस्पतींची बरोबर निम्मी निम्मी वाटणी होत गेली, तर दहा प्रश्नांत १,०२४ वनस्पति निरनिराळ्या करतां येतील, आणि वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक. सृष्टि अशी समसमान वाटणी करून देत नाहीं ही गोष्ट वेगळी. तरी एखाद्या प्रांतांतील हजारों वनस्पतींतून नेमकी एक काढण्यास फार पायऱ्या लागत नाहींत.

ही पद्धति एका सबंध देशाच्या वनस्पतींना लावून दाखविली ती लामार्क या फ्रेंच पंडितानें, १७७८ सालीं, आपल्या फ्रान्सच्या वनस्पतिवर्णनाच्या तीन खंडांत. उत्क्रांतीविषयींच्या मतांमुळें हा गृहस्थ पुढें जगाला ठाऊक झाला. पण मुळांत तो एक शिपाईगडी, लढाईंतून परत आल्यावर वनस्पतींच्या नादीं लागलेला. त्यापूर्वीं स्वीडनच्या लिनीअसनें फुलांतील पुंकेसर मोजून साऱ्या वनस्पतींचे २४ वर्ग पाडले होते, आणि युरोपांतील विद्वान् मंडळी त्यावर संतुष्ट होती. लामार्कचें म्हणणें असें, कीं झाडांचें परस्परांशीं नातें काय हा प्रश्न निराळा आणि हातांतल्या झाडाचें नांव काय हा प्रश्न निराळा. नांव शोधणाऱ्याला जो गुण सोपा पडेल तो घ्यावा. शिवाय त्यानें ग्रंथ लॅटिनांत न लिहितां आपल्या देशभाषेंत लिहिला. आमच्या मतें त्याच्या यशाचें निम्मे रहस्य या शेवटल्या गोष्टींत आहे.

त्या ग्रंथाची पुढें द कांदोल यानें सुधारून वाढविलेली आवृत्ति १८०५ सालीं निघाली. तिची एक प्रत फ्रान्समध्यें राहणाऱ्या एका इंग्रज कुटुंबांत आईनें हौसेनें विकत घेतली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें ती सहज चाळली, आणि आंतील तक्ते पाहून त्याला इतकें कौतुक वाटलें, कीं तो तसाच घरामागच्या आवारांत गेला, हाताला लागली ती पहिली वनस्पति उपटून आणली आणि सारी सकाळ तिच्यापाशीं बसून राहिला. शेवटीं नांव निघालें: साल्व्हिया प्राटेन्सिस, आपल्या तुळशीच्या कुळांतीलच एक रानझुडूप. हा मुलगा म्हणजे जॉर्ज बेंथम. त्यानें आणि जोसेफ हूकर यानें मिळून १८६२ ते १८८३ या काळांत वनस्पतींचें जें वर्गीकरण सिद्ध केलें, तेंच आपल्याकडील कॉलेजांतून कित्येक पिढ्या शिकविलें गेलें. आईच्या कपाटांतील एका पुस्तकानें एवढा पल्ला गांठला!

आमच्या देशांत वनस्पतींची ओळख हजारों वर्षें होती, परंतु ती माणसागणिक चाले. वैद्य सांगेल तें मुळीचें नांव, धनगर सांगेल तें पाल्याचें. कोचीनच्या डच अधिकाऱ्यानें, व्हान ऱ्हीडनें, मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ अॅम्स्टरडॅमला छापविला (१६७८ ते १६९३), त्याच्या पहिल्या खंडांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचें नागरी लिपींतील प्रमाणपत्र आहे. वनस्पतींचीं नांवें व माहिती खरी आहे अशी ती जाणकारांची साक्ष. साक्ष मोलाची खरी; पण साक्षीदार गेला कीं वाचणाऱ्याला ती पडताळून पाहतां येत नाहीं. आमच्या संस्कृत निघंटूंचीहि तीच अडचण. पर्याय भरपूर, गुणदोष भरपूर, खुणा मात्र थोड्या. तरी कोठें कोठें मोठी मार्मिक खूण नांवांतच गोंविलेली सांपडते. अमरकोशानें कोविदाराला, म्हणजे कांचनाला, 'युगपत्रक' म्हटलें आहे: ज्याचें पान जोडीचें तो. आणि गंमत अशी, कीं लिनीअसला या झाडांना नांव द्यावयाचें झालें तेव्हां हेंच जोडपान पाहून त्याला बाउहिन नांवाचे दोघे वनस्पतिज्ञ बंधु आठवले, आणि त्यानें या प्रजातीस 'बाउहिनिया' म्हटलें. अमरसिंह आणि लिनीअस एकाच पानापाशीं थबकले.

पण जोडपान एवढ्याच खुणेनें आमचा वाद मिटणारा नव्हता. आपटा काय आणि कांचन काय, दोघेहि बाउहिनियाच. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रसिद्ध ग्रंथ थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या वर्षांत प्रसिद्ध केला, तो अशा वेळीं अद्यापहि उघडावासा वाटतो. कुक हे पेशानें इंजिनियर, पुण्याच्या ज्या कॉलेजांत इंजिनियर तयार होत तेथील प्राचार्य. कदाचित् म्हणूनच त्यांच्या किल्ल्या नकाशासारख्या नेटक्या आहेत. त्यांच्या जोडीला भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें काढलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील अलीकडचे खंडहि आहेत. पुतणीनें या सर्वांवरून घरच्या मंडळींना कळेल अशी आपल्या मराठींत एक छोटी किल्ली तयार केली. शहरांतून दिसणाऱ्या सहा झाडांपुरतीच ती आहे. वाचकांस उपयोगी पडेल म्हणून तिचा आशय येथें देतों.

पहिला प्रश्न फुलाच्या आकाराचा. फुलें लहान, फिकट पिवळसर, लांब तुऱ्यांत दाटलेलीं, आणि शेंग वीतभर, जाड, वाळली तरी सहसा न उकलणारी, असें असेल तर तो आपटा. पुढें जाण्याचें कारण नाहीं. फुलें मोठीं, ठसठशीत, आणि शेंग चपटी व वाळल्यावर तडकणारी, असें असेल तर तो कांचनांपैकीं एक. मग दुसरा प्रश्न: फुलांत पराग देणारे पुंकेसर किती? दहा असून झाड झुडपाएवढेंच असेल, तर रंग पाहावा. फूल पिवळें, घंटेसारखें लोंबणारें, तर पिवळा कांचन. फूल शुभ्र आणि पानाचीं दोन्ही टोंकें अणकुचीदार, तर पांढरा कांचन. पुंकेसर पांच किंवा त्याहून कमी असून झाड चांगलें मोठें, तर तिसरा प्रश्न: ते पांच आहेत कीं तीन? तीन (क्वचित् चार) असून पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या, आणि बहर पावसाळ्याअखेर, पानें झाडावर असतांनाच, तर तो देवकांचन. पांच असून पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, बहर वसंतांत, झाड बहुधा निष्पर्ण असतांना, आणि मागून शेंगा धरतात, तर तो रक्तकांचन. पांच आहेत, फूल गर्द जांभळट-तांबडें आहे, पण शेंग म्हणून कधीं धरत नाहीं, तर तो हाँगकाँगचा संकरित कांचन. त्याचेंच फूल त्या शहराच्या निशाणावर आहे.

येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. नवशिका मनुष्य प्रथम रंगाकडे धांव घेतो, आणि रंगच सर्वांत आधीं दगा देतो. रक्तकांचनाचा एक प्रकार शुभ्र फुलांचा असतो. ज्यानें पुंकेसर न मोजतां 'पांढरें फूल, तेव्हां पांढरा कांचन' असें ठरविलें, तो फसला. चांगल्या किल्लींत रंग शेवटीं शेवटीं विचारतात तो यासाठींच.

तर मग, परडींतलें एक फूल ताटलींत ठेवून भोंवतीं आम्ही सारे बसलों. दहा पट मोठें दाखविणारें भिंग मुलांनीं आणलें. फूल मोठें, तेव्हां पहिल्याच पायरीला आपटा गळाला. माई दारांतून पाहत होत्या. पुतणीनें पुंकेसर सुईनें अलग केले. लांब, पुढें परागकोश असलेले, तीन. बाकीचे नुसते केसासारखे, वांझ. पाकळ्या अरुंद, मधून मधून फटी. देवकांचन! पुतणीनें तें नांव मोठ्यानें उच्चारलें नाहीं, भिंग माईंच्या हातीं दिलें आणि म्हणाली, "तुम्हीच मोजा." माईंनीं मोजले, दोन वेळां मोजले, आणि भिंग परत देऊन त्या स्वयंपाकघरांत गेल्या.

फूल होतें म्हणून काम सोपें झालें. परंतु बाजारांत दसऱ्याच्या आदल्या दिवशीं ज्या जुड्या येतात, त्यांना फूल कोठलें? खरा आपटा फुलतो तो उन्हाळ्यांत. तेव्हां पानांवरच भागवावें लागतें. आपट्याचें पान लहान, लांबीपेक्षां रुंदीला अधिक, चामड्यासारखें ताठ आणि खालच्या अंगानें फिकट, लवदार. दोन्ही पाळ्या गोल. कांचनाचें पान त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठें, पातळ, तळहात भरून टाकणारें. मात्र कांचनाच्या कोंवळ्या शेंड्याचीं पानें लहानच असतात, आणि जुडी बांधणारा तींच निवडून घेतो. म्हणून एका पानावर निवाडा करूं नये, डहाळीवरचें सर्वांत जुनें पान पाहावें. जुडींत एखादें मोठें गुलाबी फूल वा कळी निघाली, तर मग कांहींच पाहावयास नको.

किल्लीलाहि मर्यादा आहेत, आणि त्या न जाणणारा तिच्यामुळेंच चुकतो. किल्ली ज्या वनस्पतींसाठीं केली असेल त्यांच्याबाहेरचें तिला कांहीं ठाऊक नसतें. तरी ती 'मला माहीत नाहीं' असें म्हणत नाहीं, जवळचें कोणतें तरी नांव हातावर ठेवते. हाँगकाँगचा कांचन कुकसाहेबांच्या किल्लींत घातला तर तो रक्तकांचन म्हणून बाहेर पडेल. कारण त्या झाडाला शास्त्रीय नांवच मुळीं १९०८ सालीं मिळालें. म्हणून नांव मिळाल्यावर ग्रंथांतील पूर्ण वर्णन झाडाशीं ताडून पाहावें. दोन गोष्टी जुळल्या नाहींत कीं मागें फिरावें. एखाद्या पायरीवर दोन्ही विधानें खरीं वाटलीं तर दोन्ही वाटांनीं जावें. चुकीची वाट बहुधा दोनचार पावलांतच हास्यास्पद होते.

आजकाल मोबाइलनें छायाचित्र काढतांच नांव सांगणारीं साधनें निघालीं आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परप्रांतांत फिरतांना त्यांचा उपयोग होतो. परंतु आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं त्याच झाडाचें पान दोन बाजूंनीं दाखवितांच यंत्रानें एकदां आपटा आणि एकदां कांचन असें सांगितलें. कां, हें विचारण्याची सोय तेथें नाहीं. किल्लीनें आलेल्या उत्तराला 'कां' विचारलें, तर ती प्रत्येक पायरी पुन्हां दाखविते.

नांवाचा घोटाळा दसऱ्यापुरता असता तर एवढा काथ्याकूट करण्याचें प्रयोजन नव्हतें. स्त्रियांच्या औषधांत ज्याची साल वापरतात तो अशोक घ्या. शहरांतील रस्त्यांच्या कडेला भाल्यासारखें उंच वाढणारें जें झाड सर्रास अशोक म्हणून दाखवितात तें अशोक नव्हेच. त्याचें पान साधें, लांब, कांठाला लाटा असलेलें, आणि फूल हिरवट, चांदणीसारखें. खऱ्या सीतेच्या अशोकाचें पान संयुक्त, एका दांड्यावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या, आणि फुलांचे गुच्छ शेंदरी. आतां पान कोणतें व पर्णिका कोणती, हें कळावें कसें? देठाच्या बगलेंत पाहावें. पानाच्या बगलेंत नेहमीं एक डोळा, म्हणजे कळी, असते. पर्णिकेच्या बगलेंत ती नसते. एवढी एक खूण मुलांना शिकविली तरी निम्मी किल्ली शिकविल्यासारखें होतें. बाजारांत मात्र साल येते ती पानाफुलांवांचून, आणि खोट्या झाडाची साल खऱ्याच्या नांवावर विकली जाते हें सर्वविदित आहे. तेथें बिचारी किल्ली काय करणार? अशा चूर्णासालींसाठीं आतां वनस्पतीच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याचे ठराविक तुकडे वाचून ओळख पटविण्याची पद्धति निघाली आहे. २००९ सालीं शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें त्यासाठीं दोन तुकडे सुचविलेहि. पण ती प्रयोगशाळेची गोष्ट.

घरांतल्या ताटांत येणारी एक ओळख मात्र प्रत्येक गृहिणीस असावी. मिरचीचें बीं आणि धोतऱ्याचें बीं हीं एकाच कुळांतलीं, दिसण्यांत जवळचीं. धोतऱ्याच्या बियांनीं वाटसरूंना बेशुद्ध करून लुटण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकांत आपल्या देशांत चालत असे. मिरचीचें बीं फिकट पिवळें, वाटोळें, गुळगुळीत. धोतऱ्याचें तपकिरी, मूत्रपिंडासारख्या आकाराचें, भिंगाखालीं बारीक खळगे दिसणारें. जिभेवर ठेवून पाहण्याचें धाडस मात्र कोणी करूं नये. गणपतीच्या पत्रींत धोतरा, कण्हेर, रुई हीं तिन्ही विषारी पानें दूर्वा-तुळशीच्या शेजारीं बसतात. पूजा झाल्यावर तीं कोठें पडतात आणि हातीं कोणाच्या लागतात, याकडे लक्ष असावें. त्याच पत्रींवर मुलांना समोरासमोर आणि एकाआड एक शिकवितां येतें: तुळशीची दांडी चौकोनी व पानें समोरासमोर, कण्हेरीचीं तीन तीनच्या वर्तुळांत, पिंपळाचीं एकाआड एक.

माईंविषयीं सांगावयाचें राहिलें. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं विचारलें, "मग इतकीं वर्षें मीं वाटलें तें सोनें खोटेंच का रे?" उत्तर कोणापाशींच नव्हतें. आमचे वडील बंधु, संस्कृतचे जुने शिक्षक, पान लावतां लावतां म्हणाले, "वहिनी, रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत कौत्साची कथा आहे. त्यांत आपटाहि नाहीं आणि शमीहि नाहीं. कुबेरानें सोनें पाडलें तें थेट रघूच्या कोशागारांत. आणि भरताच्या ध्वजावर रामायणांत कोण आहे? कोविदारच." माई हंसल्या नाहींत, पण त्यांचा चेहरा निवळला. थोड्या वेळानें म्हणाल्या, "बरें. पण खरा आपटा कोठें मिळतो तें सांगा."

फाल्गुनांत पुतणी टेकडीवरून शेंगा घेऊन आली. त्या आपणहून उकलेनात. माईंनीं वरवंट्यानें ठेंचून बिया काढल्या, रात्रभर कोंबट पाण्यांत भिजविल्या आणि अकरा कुंड्यांत टाकल्या. तीन रुजल्या, एक जगली. रोप आतां कमरेएवढें झालें आहे. पानें जेमतेम दोन बोटें रुंद. गेल्या दसऱ्याला शेजारच्या मुलांनीं त्याचें एक पान मागितलें, तें माईंनीं दिलें नाहीं. विहिरीवरच्या देवकांचनाचीं फुलें अजूनहि रोज देवीला जातात.